खोटा भोंगा

पडदा म्हणून टांगली होती
राजेशम म्याकलच्या मागावरची बिनरंगाची चादर,
मधोमध शिवण असलेली.
पोरगं जरा डावीकडे सरकलं
की त्याची दोन पोरं व्हायची.

माग बंद होते, तेलाचा वास तेवढा चालू.
दस्तगीरभाईनं मशीन आणलेलं टांग्यातून,
मांडीवर, तान्ह्यासारखं.
पिक्चर इटलीचा. लढाईतला.
खालची इंग्रजी अक्षरं हिरेमठ सर वाचायचे, मराठीत सांगायचे,
म्याकलमामा तेच मागं तेलुगूत सांगायचे,
आणि पार भिंतीपाशी, मांडीवर सूप घेऊन
अंधारात बोटांनीच बिड्या वळणाऱ्या बायका
एकमेकींना आणखी काहीतरी सांगायच्या.
त्यामुळे हसू तीनदा यायचं, लाटेसारखं,
आणि पोराचं नाव भिंतीपर्यंत पोचेस्तोवर
तोम्मय्या झालं.

तोम्मय्याचं काम एकच:
विमानं आली की घंटाघरावर चढून
भोंग्याचा दांडा फिरवायचा.
गाव तळघरात उतरायचं.
तिथं पाववाल्याची पोरगी त्याच्याशेजारी बसायची,
उकडलेल्या बटाट्याचा अर्धा तुकडा द्यायची.
मग एका रात्री आभाळ मोकळं असताना
त्यानं दांडा फिरवला.
बटाट्यासाठी नाही.
हे सरांनी सांगितलं नाही, तरी सगळ्यांना कळलं.
पुन्हा फिरवला. पुन्हा.
चौथ्यांदा विमानं खरंच आली
आणि कुणी उतरलं नाही.

बॉम्ब दाखवलेच नाहीत.
दाखवला तो दांडा,
हात सुटल्यावरही आपसूक फिरत राहिलेला.
तेव्हा रडू आलं ते एकदाच,
पुढून मागपर्यंत, कुणी भाषांतर न करता.

दिवा लागल्यावर म्याकलमामानं रीळ उजेडात धरलं,
कडेच्या भोकांवरून अंगठा फिरवला.
"हे तर आमचे जेकार्डचे पत्तेच की बे,
आमच्या भोकातून मोर निघतोय,
ह्यांच्या भोकातून पोरगं."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत शब्द झाला.
उगाच पोटात दुखतंय म्हणणाऱ्याला: खोटा भोंगा.
मालकाला मुलीचं लग्न सांगून उचल मागणाऱ्याला,
दर निवडणुकीला जोडून हात येणाऱ्याला.
ज्यांनी पिक्चर पाहिला नव्हता तेही म्हणू लागले,
साखर पेठेतून जोडभावीपर्यंत.

मीही वाजवला. तेरा वर्षांचा होतो.
सुगुणाच्या दारात जाऊन म्हणालो,
तुझी आई बिडी कारखान्यात चक्कर येऊन पडली.
ती अनवाणी पळाली, मी शेजारून पळालो
कन्ना चौकापर्यंत.
तिचा श्वास ऐकू येत होता.
आई पत्ती मोजून घेत उभी होती, धडधाकट.
सुगुणानं माझ्याकडे नुसतं बघितलं.
त्यानंतर ती बोललीच नाही,
आणि मी पुन्हा कुणाच्या इतका शेजारून
कधी पळालो नाही.

पुढं एका सकाळी मिलचा भोंगा झाला नाही.
माणसं सवयीनं उठली, डबे घेऊन गेटपाशी गेली,
कुलपाकडे बघत उभी राहिली.
कुणीतरी म्हणालं, खोटा का खरा?
कुणी उत्तर दिलं नाही.
त्या शब्दात ही जागाच नव्हती.

परवा भाची फोनवर कुणाला तरी म्हणाली,
"चल, खोटे भोंगे नको वाजवू."
विचारलं, हे कुठलं गं?
म्हणाली, आपलं सोलापूरचंच की.
मी इटली सांगितली, लढाई, बटाटा, दांडा.
तिनं लगेच शोधलं, अंगठ्यानं, भराभर.
"नाव सांग ना, मामा."
नाव शिवणीवर पडलं होतं.
अर्धी अक्षरं इकडं, अर्धी तिकडं, वाचताच आलं नव्हतं.
दस्तगीरभाई गेले, सर गेले,
आणि ती चादर रंगवून विकली, त्यालाही चाळीस वर्षं झाली.

"म्हणजे असा पिक्चर नाहीच," ती हसली.
मागून अजून कुणी हसेल म्हणून
मी थोडा वेळ थांबलो.